मोटारींची स्केल मॉडेल्स आणि अर्धवट किट्स

खऱ्या मोटारीची मापे ठरावीक प्रमाणात लहान करून सुट्या भागांच्या संचातून, म्हणजे किटमधून, तिची प्रतिकृती जोडणे आणि रंगवणे, या छंदाला स्केल मॉडेलिंग म्हणतात. विमाने, जहाजे, रणगाडे यांचीही मॉडेल्स अशीच होतात. मात्र मोटारी करणाऱ्यांची ख्याती जरा वेगळी आहे. त्यांच्याकडे पूर्ण गाड्यांपेक्षा अर्धवट गाड्या जास्त असतात आणि न उघडलेले खोके त्याहूनही जास्त. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ हे घरचे लोक त्यांना ऐकवतातच. तरी हा अर्धवटपणा निव्वळ आरंभशूरपणाचा नव्हे. रंग वाळायला लागणारा वेळ आणि मोटारीच्या पत्र्याला हवी असलेली चकाकी, या दोन गोष्टींतच त्याचे मूळ आहे.

मोटारींसाठी १:२४ आणि १:२५ ही प्रमाणे सर्वाधिक चालतात. १:२४ चा हिशेब फूट-इंचांचा आहे : खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे मॉडेलवर अर्धा इंच. १:२५ अमेरिकेत रुजले, कारण तिथल्या मोटार कंपन्यांच्या जाहिरात-मॉडेल्सचे प्रमाण तेच होते. साडेचार मीटर लांबीची गाडी १:२४ मध्ये १८७.५ मिमी, तर १:२५ मध्ये १८० मिमी भरते. दोन्ही शेजारी ठेवल्या तर हा फरक जाणकाराच्या डोळ्यांत खुपतो. इतरांना तो दिसतही नाही. १:४३ हे प्रमाण ‘ओ’ गेजच्या (रुळांच्या रुंदीचे एक माप) खेळण्यातल्या आगगाड्यांकडून आले. फॉर्म्युला वन गाड्यांची किट्स बऱ्याचदा १:२० मध्ये निघतात, आणि ज्यांच्याकडे जागा व चिकाटी दोन्ही आहे त्यांच्यासाठी १:१२ व १:८ आहेत. साधारण १:६४ मधल्या धातूच्या तयार गाड्या जमवणे हा शेजारचा, पण निराळा छंद. तिथे हाताला रंग लागत नाही.

उगम

मोटारीचे प्लॅस्टिक मॉडेल वाढले ते शोरूमच्या टेबलावर. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या मोटार कंपन्या दरवर्षी गाडीचे रूप बदलू लागल्या. नवी गाडी खऱ्या रंगांत, हातात धरून दाखवता यावी म्हणून तिच्या छोट्या प्रतिकृती विक्रेत्यांकडे ठेवल्या जात, आणि गिऱ्हाइकाबरोबर आलेल्या पोरांच्या हाती त्या पडत. १९४८ मध्ये डेट्रॉइटमध्ये सुरू झालेली एएमटी ही अशा प्रतिकृती करणारी प्रमुख कंपनी. तिने आरंभ ॲल्युमिनियमच्या गाडीने केला आणि लवकरच ती प्लॅस्टिककडे वळली. त्या काळचे सेल्युलोज ॲसिटेट वर्षे लोटली की आकसते आणि वाकते. संग्राहकांकडच्या त्या दशकातल्या कित्येक गाड्या पोक काढून बसलेल्या दिसतात. १९५८ मध्ये एएमटीने जोडायची किट्स काढली. एकाच खोक्यात तीन पर्याय असत : कारखान्यातून निघालेली मूळ गाडी, हौसेने रूप पालटलेली, किंवा शर्यतीची. यातली कोणती करायची हे न ठरल्यामुळेच पहिली किट्स अर्धवट राहिली असावीत, असे मानायला जागा आहे.

किटशिवाय, स्वतःच्या हाताने मॉडेल घडवण्याची परंपराही अमेरिकेत होती. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने १९३० ते १९६८ या काळात मुलग्यांसाठी मॉडेल-स्पर्धा चालवली. सुरुवातीला नेपोलियनकालीन बग्गीची प्रतिकृती करावी लागे, पुढे स्वतः कल्पिलेल्या मोटारीचे मॉडेल. बक्षीस शिष्यवृत्तीचे असे, आणि त्या मुलांतले काही पुढे खरोखरच मोटारींचे डिझायनर झाले.

जपानमध्ये या उद्योगाचे माहेरघर म्हणजे शिझुओका. तामिया, फुजिमी, आओशिमा या कंपन्या तिथल्याच. योशिओ तामिया यांनी १९४६ मध्ये लाकडाचा धंदा सुरू केला; तो आधी लाकडी मॉडेल्सकडे आणि नंतर प्लॅस्टिककडे वळला. १९६७ मध्ये तामियाचे होंडाच्या ग्रां प्री गाडीचे १:१२ किट आले. १९७६ च्या पोर्शे ९३४ (९११ ची शर्यतीची आवृत्ती) च्या किटसाठी संस्थापकांचे पुत्र शुनसाकू तामिया यांनी खरीखुरी पोर्शे ९११ विकत घेऊन सुटी केली, आणि पुन्हा जोडायला पोर्शेच्याच माणसांना बोलवावे लागले, अशी हकिगत मॉडेलकार, म्हणजे मॉडेल करणारे हौशी, आवडीने सांगतात. अर्धवट गाडीचे याहून मोठे उदाहरण त्यांना सापडत नाही.

जोडणी आणि रंग

किटमधले भाग प्लॅस्टिकच्या चौकटीला लगडलेले येतात. या चौकटीला स्प्रू म्हणतात. भाग कटरने तोडायचा आणि उरलेला ठोंब पात्याने व कानशीने साफ करायचा. प्लॅस्टिक पॉलिस्टायरीन असते. ते जोडणारा पातळ सिमेंट हा डिंक नसून द्रावक आहे. दोन भाग एकमेकांना लावून धरले आणि सांध्यावर ब्रशचे टोक टेकवले, की द्रव केशाकर्षणाने फटीत धावतो, दोन्ही पृष्ठभाग विरघळवतो आणि उडून जातो. बोट सांध्यावर असेल तर तो बोटाखालीही धावतो, आणि गाडीच्या छतावर अंगठ्याचा ठसा कायमचा उमटतो.

इंजिन, सीट, डॅशबोर्ड ही कामे मजेत होतात. परीक्षा असते ती बॉडीची. ती साबणाच्या पाण्याने धुवायची, कारण साच्यातून सुटण्यासाठी वापरलेले तेलकट द्रव्य अंगावर राहिले तर रंग धरत नाही. मग साच्याच्या रेघा घासायच्या, प्रायमर (रंग धरण्यासाठीचा पहिला लेप) मारायचा, रंगाचे पातळ थर द्यायचे, वर क्लिअर, म्हणजे पारदर्शक लेप, आणि तो कडक झाल्यावर पॉलिश. इथे प्रमाणाचे गणित आडवे येते. रंगाचा दशांश मिलिमीटर जाडीचा लेप १:२४ च्या गाडीवर सुमारे अडीच मिलिमीटर जाडीचा ठरतो. दारांच्या फटी बुजतात, बोधचिन्हांची अक्षरे वितळल्यासारखी दिसतात. म्हणून लेप पातळ हवा. पण कंगोऱ्यांवर रंग आपोआप विरळ बसतो, आणि पॉलिश करताना बोनेटच्या कडेला दोन हात जास्त फिरले की खालचा प्रायमर डोकावतो. क्लिअर लेप २००० नंबरच्या वॉटर पेपरने घासताना पाणी दुधाळ निघते तोवर ठीक. पाण्याला गाडीचा रंग आला की हात थांबवायचा, कारण क्लिअर तिथे संपलेला असतो.

जुन्या अमेरिकन गाड्यांवरच्या क्रोमच्या पट्ट्यांसाठी चिकट बाजूची अतिपातळ धातूची फॉइल वापरतात. ती काडीने दाबून पट्टीच्या उंचवट्यावर बसवायची आणि दोन्ही कडांनी नव्या कोऱ्या पात्याने कापायची. पाते जरा बोथट असेल तर फॉइल फाटते. दाब जास्त पडला तर चार दिवस खपून चकचकीत केलेल्या रंगावर चर पडते. या कामाला बसताना पात्यांचे नवे पाकीट उघडावे. पात्यांत काटकसर करून काही वाचत नाही.

काम का अडते

एनॅमल रंग हाताला कोरडा लागला तरी पुरता कडक व्हायला आठवडा किंवा अधिक घेतो. लॅकर पुष्कळ लवकर वाळतो, पण पॉलिशपूर्वी त्यालाही काही दिवस सोडावे लागते. या रिकाम्या वेळात दुसरे किट उघडले जाते, आणि त्यात गैर काहीच नाही. एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारे साधन) धुण्याचा उपद्व्याप एकदाच करून दोन बॉड्यांवर एकच प्रायमर मारणे किंवा चार गाड्यांचे टायर एकाच बैठकीत करणे हे शहाणपणाचे आहे. दोन-तीन गाड्या समांतर चालवणारा माणूस बहुधा एकेक करणाऱ्यापेक्षा जास्त गाड्या संपवतो. अडचण होते ती एखादी गाडी वाळण्यासाठी नव्हे, तर चुकल्यामुळे बाजूला ठेवली जाते तेव्हा. रंगात अडकलेला केस, संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत क्लिअर, किंवा झटपट चिकटणाऱ्या सुपरग्लूच्या वाफेने धुरकटलेली पुढची काच. रणगाड्यावर असले दोष चिखल आणि गंज यांच्याखाली झाकता येतात. मोटारीला शोरूमची चकाकी हवी, तिथे झाकायला काही नसते. मग बॉडी रसायनात बुडवून सगळा रंग उतरवायचा आणि पहिल्यापासून सुरू करायचे, एवढाच मार्ग उरतो. अशा रखडलेल्या खोक्यांच्या फळीला मॉडेलकार ‘शेल्फ ऑफ डूम’ म्हणतात.

न उघडलेल्या किट्सच्या साठ्याचे, म्हणजे ‘स्टॅश’चे कारण वेगळे आहे. पोलादी साचा महाग असतो, आणि कंपन्या एका साच्यातून एकदम मोठी तुकडी काढून पुढे वर्षानुवर्षे ते किट बंद ठेवतात. आज दिसलेले उद्या मिळेल याची शाश्वती नाही, म्हणून दिसले की घेतले जाते. शर्यतीच्या गाड्यांत आणखी एक खोडा आहे. सिगारेटच्या जाहिरातींवर निर्बंध आल्यावर अनेक फॉर्म्युला वन किट्समधून त्या कंपन्यांची नावे असलेली डिकल्स (गाडीवर चिकटवायची छापील चित्रे व अक्षरे) गायब झाली. मूळ रूप हवे तर ती वेगळ्या उत्पादकाकडून मागवावी लागतात, आणि तोवर रंगवलेली बॉडी ताटकळत पडते.

अर्धवट कामाचे मनावरचे ओझे मानसशास्त्रज्ञांनीही तपासले आहे. बर्लिनमध्ये कुर्ट लेविन यांच्या विद्यार्थिनी ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये मांडले की अर्धवट राहिलेली कामे पूर्ण झालेल्यांपेक्षा जास्त लक्षात राहतात. त्याच गटातल्या मारिया ओव्सियांकिना यांनी दाखवले की मध्येच तोडलेले काम संधी मिळताच माणूस आपणहून पुन्हा हाती घेतो. पहिला निष्कर्ष पुढच्या प्रयोगांत दर वेळी टिकला नाही. दुसरा बराच टिकला. मात्र त्या प्रयोगांतला खंड थोड्या वेळाचा होता, आणि काम समोरच पडलेले होते. झाकण लावून कपाटावर चढवलेल्या खोक्याला हा नियम कितपत लागू पडेल, याविषयी शंका घ्यावी.

काही जण यावर उपाय करतात. अनेकांनी मिळून एका विषयावर ठरलेल्या मुदतीत गाडी पूर्ण करण्याचा ‘ग्रुप बिल्ड’ त्यातला एक. बोनेट न उघडणाऱ्या, बिनइंजिनाच्या किटची निवड हा दुसरा आणि अधिक खात्रीचा. अभिमान बाजूला ठेवता आला तर.

भिजत घोंगडे ठेवलेले किट जसेच्या तसे राहतही नाही. टायर मऊ व्हिनाइलचे असतात. त्यांतले मऊपणा देणारे द्रव्य हळूहळू पाझरते आणि स्पर्श झालेले पॉलिस्टायरीन वितळवते. जुन्या किटमध्ये टायर काचेच्या भागावर पडून राहिला असेल तर तिथे त्याच्या नक्षीचा खड्डा कोरलेला सापडतो. टायर वेगळ्या पिशवीत ठेवले की हे टळते. डिकल्स पिवळी पडतात. ती पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीला चिकटवली तर पिवळेपणा पुष्कळदा उतरतो.

भारतातील स्थिती

किट भारतात आणता येते. रंगांचे अवघड आहे. स्प्रेचे डबे ज्वालाग्राही असल्याने विमानाच्या पार्सलने सहसा येत नाहीत. म्हणून बरेच जण मोटारींच्या रंगाच्या दुकानातला एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर जातीचा, रंग वापरतात. त्याचा थिनर तिखट असतो आणि ओला लेप उघड्या पॉलिस्टायरीनला चरे पाडतो. आधी प्रायमर द्यायचा आणि वर धुक्यासारखे हलके हात मारायचे, मग तो निभतो. मुंबई-कोकणात पावसाळ्याचे चार महिने ही निराळीच अडचण. लॅकरमधला द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतले बाष्प जमते आणि रंगावर पांढुरकी साय धरते. सावकाश उडणाऱ्या थिनरने ती कमी होते, पण जून ते सप्टेंबर या काळात बॉडी रंगवण्यापेक्षा सीट आणि इंजिने उरकलेली बरी.

मोठ्या कंपन्यांच्या यादीत जपानी, युरोपीय आणि अमेरिकन गाड्यांचाच भरणा आहे. ॲम्बॅसडर किंवा कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी हवी असेल तर प्लॅस्टिकच्या पत्र्यातून घडवणे किंवा थ्रीडी प्रिंटवर विसंबणे भाग पडते. काळी-पिवळी टॅक्सी करणाऱ्याला छतावरचा कॅरिअर आणि बाहेर बसवलेले मीटर यांवरच सर्वाधिक वेळ घालवावा लागतो, कारण मुंबईकर बघणारा आधी तेच शोधतो.

सुरू केलेल्या किट्सचा बाजार

पूर्ण होणार नाही हे पटले की किट विकले जाते, आणि सुरू केलेल्या किटची किंमत बंद खोक्यापेक्षा बरीच कमी येते. घेणाऱ्याने काचेचे भाग, डिकल्स आणि सूचनापत्रक आधी पाहावे. बाकीचे पत्रा-पट्टीतून घडवता येते. या बाजारात इटलीच्या पोखेर कंपनीची १:८ किट्स नेहमी भेटतात. १९०७ च्या फियाटच्या शर्यतीच्या गाडीपासून सुरू झालेल्या या मालिकेतल्या रोल्स-रॉइस फँटमसारख्या किटमध्ये दोन हजारांहून अधिक भाग असतात. काही गाड्यांच्या चाकांतले धातूचे स्पोकही एकेक करून ओवायचे असतात. अशी अर्धवट पोखेर घेताना चाकांची पिशवी उघडून मोजणी करावी : पाचही चाके ओवलेली असतील तर विकणाऱ्याने कंटाळवाणे काम उरकून ठेवलेले आहे, आणि दीडच ओवलेले असेल तर तो कुठे थांबला ते कळते.