भंगारातला बीसीएम लावला की काम झालं? नाही हो

सेम मॉडेलचा जुना बीसीएम (बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे गाडीतली इलेक्ट्रिकल कामं सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) भंगारातून आणा, सॉकेट लावा, गाडी ओके, हे वर्षानुवर्षं ऐकतोय, पण तो काही हॉर्नचा रिले (साधा स्विच) नाही, की बसवला अन् चालला. वायपर, इंडिकेटर, सेंट्रल लॉक हे सगळं तोच चालवतो आणि बऱ्याच गाड्यांत इमोबिलायझरही (ओळखीची चावी नसेल तर इंजिन चालू न होऊ देणारी यंत्रणा) त्याच्याशीच बांधलेला असतो, म्हणजे त्यात जुन्या गाडीचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) अन् चाव्या सेव्ह असतात, मग तुमची चावी ओळखणार कोण! स्टार्टर फिरेल कदाचित, इंजिन नाही पकडणार. नवा घेतला तरी स्कॅनरने कोडिंग आणि चाव्या पेअर करणं बहुतेक गाड्यांत लागतंच.

आणि आधी 12 व्होल्टची बॅटरी, फ्यूज, अर्थिंग बघा राव, पावसाळ्यात कनेक्टरमध्ये पाणी शिरलं तरी अगदी बीसीएम बिघडल्यासारखीच लक्षणं दिसतात.