मस्टरवर नसलेली मुलं: पुण्यातल्या बांधकाम साइटवरच्या फिरत्या पाळणाघरांची पार्श्वभूमी

१९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याचं कलम ३५ वाचायला सरळ होतं. पन्नासहून जास्त महिला कामगार असतील तिथं सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली हवी, तिला उजेड आणि हवा हवी, सांभाळायला प्रशिक्षित बाई हवी. हिंजवडी, वाघोली, उंड्री, ताथवडे इथल्या मोठ्या साइटवर हा पन्नासचा आकडा कागदावर मात्र सहजी भरत नसे. सेंट्रिंगचा ठेकेदार वेगळा, सळईचा वेगळा, वीटकाम-प्लास्टरचा वेगळा, आणि प्रत्येकाचं मस्टर, म्हणजे हजेरीपत्रक, स्वतंत्र. त्यात जोडीनं कामाला आलेल्या कुटुंबाची हजेरी आणि आठवड्याची खर्ची (उचल) बहुतेकदा नवऱ्याच्या नावावर लागते. घमेलं घेऊन चौथ्या मजल्यावर चढणारी बाई मस्टरवरच नाही, मग तिचं मूल कुणाच्या हिशेबात येणार? फिरत्या पाळणाघराची, म्हणजे कामाबरोबर साइट बदलणाऱ्या पाळणाघराची, जवळजवळ सगळी धोरणं या गोचीतून निघाली आहेत. कायदा बायका मोजत आला आणि सेवेला मुलं मोजावी लागली.

बायका मोजण्याची ही सवय गिरण्यांच्या काळातली. मुंबईच्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्या आया तान्ह्याला अफूची बाळगोळी देऊन निजवत, हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या चौकशांमध्ये नोंदलं गेलं आहे. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात प्रसूती लाभाचा कायदा झाला. त्याच्या आदल्या वर्षी विधिमंडळात या विधेयकाच्या बाजूनं बोलणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. पुढे १९३४ च्या कारखाने कायद्यानं पन्नासहून जास्त बायका असलेल्या कारखान्यात मुलांच्या खोलीची सक्ती करण्याचा अधिकार प्रांतांना दिला. १९४८ च्या कायद्यात पाळणाघराचं कलम ४८ आलं, आणि १९७६ च्या दुरुस्तीनं पन्नासचा आकडा तीसवर आणला. या सगळ्यात गृहीत धरलेलं चित्र एकच होतं: कारखाना जागचा हलत नाही, मालक एकच आहे आणि फाटकावर प्रत्येकीची हजेरी लागते. बांधकामाला यातलं काहीही लागू पडत नाही.

दुसरी परंपरा महाराष्ट्रातलीच, आणि आजच्या साइटवरच्या कामाशी तिचं नातं कायद्यापेक्षा जवळचं आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत असं दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवली. या कामात त्यांच्या सोबत असलेल्या अनुताई वाघ पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या. मूल येत नसेल तर त्याच्यात खोट न शोधता जागा आणि वेळ बदलायची, हा धडा तिथला. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली तेव्हा अंगणवाडी देशभर पोचली, पण ती चालते सकाळचे काही तास आणि तिची यादी असते वस्तीतल्या रहिवाशांची. साइटवरच्या आईचं काम मात्र सकाळी साडेआठ-नऊला सुरू होऊन संध्याकाळी सहाला सुटतं.

बांधकामाच्या जागेवरच पाळणाघर, ही कल्पना १९६९ ची. दिल्लीत राजघाटाजवळ गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचं बांधकाम चालू असताना मजुरांची तान्ही मुलं उन्हात, खडीशेजारी पडलेली मीरा महादेवन यांनी पाहिली आणि तिथंच तंबू टाकला. त्यातून मोबाइल क्रेशेस ही संस्था उभी राहिली. मग काम मुंबईत आलं आणि १९८० च्या दशकात पुण्यात. इथली शाखा पुढे तारा मोबाइल क्रेशेस या नावानं स्वतंत्र झाली. १९८८ मध्ये मुंबईत सुरू झालेली डोअर स्टेप स्कूल ही संस्थाही पुण्यातल्या साइट आणि वस्त्यांवर काम करू लागली. यातली बहुतेक केंद्रं चाकांवर नसतात. लेबर कॅम्पाशेजारी (मजुरांच्या तात्पुरत्या वस्तीशेजारी) पत्र्याच्या खोल्या, आणि काम संपलं की सामान टेम्पोत घालून पुढची साइट.

मधल्या काळात कायदे आकडा बदलत राहिले. कंत्राटी कामगारांच्या केंद्रीय नियमांत वीस बायकांची मर्यादा आली, बांधकामाच्या कायद्यात पुन्हा पन्नास. २०१७ च्या प्रसूती लाभ दुरुस्तीनं पन्नास कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचं केलं आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जायची मुभा दिली. त्याचा फायदा खराडी-हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत बसणाऱ्यांना झाला, त्या इमारती बांधणाऱ्यांना फारसा नाही. मुलं मोजणारा ठळक अपवाद होता २००५ च्या रोजगार हमी कायद्याचा: कामावर पाच किंवा जास्त लहान मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या, जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या श्रमसंहितांमध्ये ‘पन्नास महिला’च्या जागी ‘पन्नास कामगार’ आले, आणि अनेक आस्थापनांनी मिळून एक पाळणाघर चालवायलाही वाट ठेवली गेली. पुण्यातल्या साइटसाठी हा बदल वेतनाच्या कलमांपेक्षाही मोठा आहे, कारण आता बाई मस्टरवर नाही एवढ्यावर पाळणाघराची जबाबदारी टळत नाही. ही तरतूद संस्थेनं बिल्डरशी बोलताना पहिल्या पाच मिनिटांत मांडावी.

पैशाची बाजू थोडक्यात. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर कामगार कल्याण मंडळाकडे जातो, पण त्याच्या योजना मिळायला मागच्या वर्षभरात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. दर काही महिन्यांनी ठेकेदार बदलणाऱ्या कुटुंबाला तो कोण देणार? म्हणून साइटवरच्या पाळणाघराचा खर्च बहुधा बिल्डर आणि देणगीदार यांच्यात वाटला जातो. खोली, पाणी, वीज आणि खर्चाचा ठरलेला वाटा बिल्डरचा, माणसं आणि कार्यक्रम संस्थेचा. करार लेखी हवा आणि त्यात खोली बदलण्याची अट हवी, कारण पोडियमचा (इमारतीच्या तळाच्या रुंद मजल्याचा) स्लॅब आला की पाळणाघराची जागा हमखास मटेरियल ठेवायला मागितली जाते.

जागेचा हिशेब असा बसतो. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दर मुलामागे दहा ते बारा चौरस फूट. तीस मुलांना तीनशे ते तीनशे साठ चौरस फूट, म्हणजे लेबर कॅम्पातल्या दहा बाय दहाच्या तीन-चार खोल्या मधले पत्रे काढून. तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक प्रशिक्षित ताई, तीनच्या वरच्या वीस मुलांमागे एक, शिवाय मदतनीस. तान्ह्यांचा भाग वेगळा ठेवावाच लागतो, कारण पाच वर्षांचं पोर खेळताना एकदा तरी रांगणाऱ्यावर पडतं. साडीची झोळी आयांना हवी असते आणि मुलांना तिच्यात झोप लागते, तेव्हा ती बंद करण्यात अर्थ नाही. ती पत्र्याच्या कैचीला (छताच्या सांगाड्याला) न बांधता वेगळ्या पाइपला बांधावी, तळ जमिनीपासून वीतभरच वर राहावा आणि झोळीतलं मूल ताईच्या नजरेआड नसावं. एप्रिल-मेमध्ये पत्रा असा तापतो की दुपारी दोनला आत बसवत नाही. छताखाली बांबूच्या चटयांचा थर, समोरासमोर दोन दारं आणि वर ओलं गोणपाट, इतक्यावर निभावतं.

पाणी टँकरचं असेल तर हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लिचिंग पावडर, आणि तासाभरानं क्लोरिन तपासायचं. पावडरचा डबा उघडा राहिला की तिची ताकद जाते आणि तोच अडीच ग्रॅमचा हिशेब फसतो. पूरक आहाराचा २०२३ पर्यंतचा शासकीय निकष होता दर मुलामागे ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं, तीव्र कुपोषित मुलाला ८०० किलोकॅलरी. असा आकडा पातळ खिचडीनं गाठला जात नाही. वर्षा-दीड वर्षाच्या मुलाच्या पोटात मावतंच थोडं, म्हणून खिचडी घट्ट, वर चमचाभर तेल, आणि दिवसभरात लहान लहान खाणी. वजन दर महिन्याला, काटा आधी शून्यावर आणून. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या आत आला तर त्याच दिवशी दवाखाना, ११.५ ते १२.५ असेल तर पाळणाघरातच जादा आहार आणि दर आठवड्याला मोजणी.

सर्वसमावेशकता हा शब्द प्रस्तावात सगळेच लिहितात. साइटवर तिची परीक्षा प्रवेशाच्या दिवशी होते. आधार कार्ड, जन्मदाखला, रेशन कार्ड मागितलं की निम्मी मुलं दारातूनच परत जातात, म्हणून प्रवेशाला कागद नको, कागद नंतर जमवायचे. वय ठाऊक नसेल तर होळी, पेरणी, दसरा अशा खुणांवरून आईला विचारत महिन्यापर्यंत पोचता येतं. ते नीट काढावं, कारण वयानुसार वजनाचा तक्ता त्यावर उभा आहे. नांदेड-लातूरची, सोलापूरची, कलबुर्गीची, छत्तीसगडची, बिहारची मुलं एका खोलीत येतात. ताईनं सगळ्या भाषा शिकाव्यात असा हट्ट चालत नाही. पाणी, भूक, शी-शू, दुखतंय, आई कधी येणार, एवढे शब्द प्रत्येक घरच्या बोलीत भिंतीवर देवनागरीत लिहून ठेवले की पहिला आठवडा निभतो. मदतनीस कॅम्पातलीच नेमली तर आणखी सोपं जातं. पण मग कुणाच्या हातचं कोण खातं हा प्रश्न उठतो. त्यावर बैठक घेऊन समजावण्यापेक्षा पहिल्या दिवसापासून एकच भांडं, एकच पंगत आणि ताईनं मुलांसोबत जेवणं, हे जास्त उपयोगी पडतं. अंडं न खाणाऱ्याला केळं, तेही न बोलता.

अपंग मूल साइटवर दिसत नाही, कारण ते खोलीत कडी लावून ठेवलेलं असतं किंवा मोठ्या बहिणीच्या कडेवर असतं. कॅम्पात खोलीखोली फिरून यादी केली तरच ते सापडतं. शासनाची बालस्वास्थ्य पथकं अंगणवाडीच्या पटावरून तपासणी करतात, तेव्हा पाळणाघराचा पट जवळच्या अंगणवाडीला आणि महापालिकेच्या दवाखान्याला कळवणं हे आपलं काम. दाराचा उंबरा १५ सेंटिमीटर असेल तर एकास बारा उतारानं १८० सेंटिमीटर लांबीची फळी लागते. सेंट्रिंगचं जुनं प्लाय आणि वर आडव्या लाकडी पट्ट्या ठोकल्या की झालं, साइटवरचा सुतार तासाभरात करून देतो. पट्ट्या विसरल्या तर पावसाळ्यात त्याची घसरगुंडी होते. मोठ्या बहिणीचा प्रश्नही इथंच सुटतो: पाळणाघर मनपा शाळेच्या वेळेआधी उघडलं नाही तर तिची शाळा बुडालीच.

सुरक्षेच्या बाबतीत ढिलाई नको. कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, मूल नेणाऱ्याची सही किंवा अंगठा, आणि आईनं सांगितलेल्या दोन नावांपलीकडे कुणाच्याही हाती मूल नाही, मग तो मुकादम का असेना. लैंगिक अत्याचाराची शंका जरी आली तरी २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. संस्थेत आधी ‘अंतर्गत चौकशी’ करत बसणं हाच गुन्हा ठरू शकतो. स्लॅबच्या दिवशी काँक्रीट संपेपर्यंत काम थांबत नाही, रात्रही होते. त्या दिवसाची तारीख साइट इंजिनिअरकडून दोन दिवस आधी घ्यावी, जादा वेळेचा मोबदला करारात असावा, नाहीतर नेहमीच्या वेळेला दार बंद होतं आणि मुलं थेट मिक्सरपाशी जातात.

आरसीसीचं (काँक्रीटच्या सांगाड्याचं) काम संपून टाइल्स-रंगकाम सुरू झालं की कुटुंबं हळूहळू निघतात, कधी एका रात्रीत. त्यामुळे बदलीचे कागद शेवटच्या दिवसासाठी ठेवू नयेत. लसीकरणाचं माता-बाल संरक्षण कार्ड आईकडेच राहावं, त्याचा फोटो केंद्राच्या फोनमध्ये. वजन आणि दंडघेराच्या नोंदी दर महिन्याला त्याच कार्डात उतरवाव्यात. पुढची साइट कुठली हे मुकादमाबरोबर आईलाही विचारावं, कारण तो कंपनीचं नाव सांगतो आणि तिला बसचा स्टॉप माहीत असतो. तिथं पाळणाघर असेल तर तिथल्या ताईला पट कळवायचा, नसेल तर जवळच्या अंगणवाडी सेविकेचा नंबर कार्डाच्या पाठीमागे लिहून द्यायचा.