भारतीय पासपोर्टवर ब्रिटनच्या निवडणुकीत मतदान: नावनोंदणी, ओळखपत्र आणि अर्ज नेमके कुठे अडतात

४ जुलै २०२४ ची संध्याकाळ. ओळखीतल्या एक ताई कामावरून थेट मतदान केंद्रावर गेल्या. पर्समध्ये आधार कार्ड आणि भारतातलं ड्रायव्हिंग लायसन्स होतं. टेबलापलीकडच्या बाईंनी दोन्ही बघून मान हलवली. ताई ओशाळल्या, ‘मग काय चालेल?’ हेही न विचारता घरी आल्या. जे चाललं असतं ते, म्हणजे त्यांचा भारतीय पासपोर्ट, घरी कपाटातच होता. मला त्यांनी हे दुसऱ्या दिवशी सांगितलं.

अशी माणसं दर निवडणुकीला भेटतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी हक्काचं. ब्रिटनच्या सार्वत्रिक निवडणुकीत मत द्यायला ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही. भारत राष्ट्रकुलात आहे आणि इथे राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकांना संसदेसाठी मत देता येतं. वय १८ पूर्ण हवं, राहण्याची वैध परवानगी हवी आणि तुम्ही इथे खरोखर राहत असायला हवं. स्टुडंट व्हिसा, स्किल्ड वर्कर, डिपेंडंट, आयएलआर (कायम राहण्याची परवानगी), सगळे चालतात. किती वर्षं राहिलात असा प्रश्न नाही. बाळंतपणाला किंवा नातवंडांना भेटायला व्हिजिटर व्हिसावर आलेले आई-बाबा मात्र इथले रहिवासी धरले जात नाहीत. त्यांची नावं घालू नका.

‘इथे मत दिलं तर भारताचं नागरिकत्व जाईल का?’ हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. नाही जात. भारतीय नागरिकत्व जातं ते दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्यावर. इथल्या यादीत नाव असल्याने व्हिसाला किंवा आयएलआरला धक्का लागत नाही. उलट घर भाड्याने घेताना किंवा कर्ज काढताना क्रेडिट कंपन्या हीच यादी पत्ता पडताळायला वापरतात.

२०२४ ला नोंदणी झालेल्यांपैकी साधारण ६० टक्क्यांनीच मत दिलं. २००१ नंतर इतकं कमी कधी झालं नव्हतं. कुणाला सगळे पक्ष सारखेच वाटतात, कुणाला आपल्या मतदारसंघाचा निकाल आधीच ठरलाय असं वाटतं. विचार करून घरी बसणाऱ्यांशी माझं भांडण नाही. पण ज्यांची नावं यादीतच नाहीत त्यांना असा निर्णय घ्यायची संधीही मिळत नाही. इलेक्टोरल कमिशनच्या, म्हणजे इथल्या निवडणूक आयोगाच्या, २०२२ च्या याद्यांवरच्या अभ्यासात असे सुमारे ८० लाख लोक निघाले, ज्यांची नोंदणी नाही किंवा चुकीची आहे. भाड्याच्या घरात राहणारे आणि नुकतंच घर बदललेले त्यात जास्त. म्हणजे आपलीच नव्याने आलेली मंडळी. ‘एका मताने काय होतंय’ म्हणणाऱ्यांना मी हेंडन दाखवतो. उत्तर लंडनमधल्या या मतदारसंघात २०२४ ला उमेदवार १५ मतांनी निवडून आला. आणि मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवलेले दादाभाई नौरोजी १८९२ साली लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून संसदेत गेले, तेही एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या मतांनी.

नावनोंदणी

गव्ह डॉट युके या सरकारी संकेतस्थळावर ‘रजिस्टर टू व्होट’ नावाचं पान आहे. नाव, जन्मतारीख, पत्ता, राष्ट्रीयत्व आणि एनआय (नॅशनल इन्शुरन्स) नंबर, पाच मिनिटांचं काम. राष्ट्रीयत्वाच्या प्रश्नावर घाईत ‘ब्रिटिश’ निवडू नका, दुसऱ्या देशाचा पर्याय निवडून इंडिया लिहा. खोटी माहिती देणं गुन्हा आहे आणि पुढे नागरिकत्वाचा अर्ज करताना अशी चूक नडू शकते.

खरी अडचण फॉर्म पाठवल्यानंतर येते. तुमचं नाव, जन्मतारीख आणि एनआय नंबर सरकारी नोंदींशी ताडून बघतात, आणि आपल्या नावांची गडबड तिथेच होते. समजा, पासपोर्टवर आडनावाच्या ओळीत कुलकर्णी आणि नावाच्या ओळीत ‘स्वाती मिलिंद’ आहे. एनआय नंबर त्या पूर्ण नावाने निघालाय, फॉर्ममध्ये फक्त ‘स्वाती कुलकर्णी’ लिहिलंय. किंवा एनआय नंबर माहेरच्या आडनावाने आहे आणि अर्ज सासरच्या. जुळलं नाही की कौन्सिलकडून, म्हणजे इथल्या स्थानिक पालिकेकडून, कागदपत्रं मागणारं पत्र येतं. ते पिझ्झाच्या पत्रकांखाली दारातच पडून राहतं, आणि आपण समजतो नोंदणी झाली. म्हणून फॉर्म भरताना एनआय नंबरचं पत्र किंवा पगाराची स्लिप समोर ठेवा आणि त्यावर आहे तसंच नाव लिहा. मधलं वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असेल तर तेही.

नव्याने आलेल्या डिपेंडंटकडे बहुतेकदा एनआय नंबर नसतो. तरी अर्ज करता येतो, नसण्याचं कारण लिहायचं. मग कौन्सिल पासपोर्टसारखा पुरावा मागते. याला वेळ लागतो, म्हणून शेवटच्या आठवड्याची वाट बघू नका.

आणखी एक गैरसमज: कौन्सिल टॅक्स भरतो म्हणजे नाव यादीत आलं. नाही! वर्षातून एकदा घरात कोण राहतं हे विचारणारं पत्र येतं, त्यावर बायकोचं नाव लिहून पाठवलं म्हणजेही नोंदणी होत नाही. २०१४ पासून प्रत्येकाने स्वतःचा अर्ज करायचा असतो. घर बदललं की पुन्हा.

आणि आपलं नाव यादीत आहे की नाही हे बघायला सबंध देशासाठी एक ऑनलाइन सोय अजून नाही, हे मला पटतच नाही. भारतात फोनवर नाव शोधायची सवय झालेली असते; इथे कौन्सिलच्या निवडणूक विभागाला फोन करावा लागतो. करा तो फोन, ते नीट सांगतात.

तारखा

निवडणुकीची तारीख पंतप्रधानांच्या हातात असते. २०२४ ला २२ मे रोजी घोषणा झाली आणि नोंदणी १८ जूनच्या मध्यरात्री बंद झाली. म्हणजे चार आठवडेही मिळाले नाहीत. नियम असा की मतदानाच्या १२ कामकाजाचे दिवस आधी नोंदणी बंद. शनिवार-रविवार आणि बँक हॉलिडे मोजायचे नाहीत, त्यामुळे लोक समजतात त्यापेक्षा ती तारीख बरीच आधी येते. टपाली मतासाठी ११ वा दिवस, संध्याकाळी ५ पर्यंत. प्रॉक्सीसाठी, म्हणजे तुमच्या वतीने दुसऱ्याने मत देण्यासाठी, सहावा. पुढची निवडणूक ऑगस्ट २०२९ च्या मध्यापर्यंत कधीही होऊ शकते, पण नोंदणी वर्षभर चालू असते. आजच करून टाका.

ओळखपत्र

२०२३ पासून इंग्लंडमध्ये केंद्रावर फोटो ओळखपत्र लागतं, आणि २०२४ ला संसदेच्या सार्वत्रिक निवडणुकीत स्कॉटलंड आणि वेल्ससकट ते पहिल्यांदा लागलं. उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत.

कुठल्याही राष्ट्रकुल देशाचा पासपोर्ट चालतो, म्हणजे भारतीय पासपोर्ट चालतो. इथलं ड्रायव्हिंग लायसन्स चालतं, शिकाऊ म्हणजे प्रोव्हिजनलसुद्धा. ज्येष्ठांचा बस पास चालतो, पण विद्यार्थ्यांचं रेलकार्ड किंवा लंडनच्या प्रवासाचं १८ प्लस ऑयस्टर कार्ड नाही. हा भेद मला अन्यायाचा वाटतो, पण आज नियम तो आहे. आधार, पॅन, भारतीय लायसन्स, ओसीआय कार्ड, ऑफिसचं ओळखपत्र, यातलं काहीही चालत नाही. फोनमधला फोटो किंवा झेरॉक्स नाही, मूळ वस्तूच हवी. बीआरपी (राहण्याच्या परवान्याच्या) कार्डांच्या जागी ई-व्हिसा आल्यापासून ‘फोनवर दाखवेन’ असं बरेच जण धरून चालतात. ते चालत नाही. मुदत संपलेलं ओळखपत्र मात्र चालतं, फोटोतला चेहरा तुमचा वाटला की झालं.

पासपोर्ट नूतनीकरणाला दिला असेल आणि दुसरं काहीच नसेल तर केंद्रावर दाखवायला व्होटर ऑथॉरिटी सर्टिफिकेट मोफत मिळतं. अर्ज मतदानाच्या सहा कामकाजाचे दिवस आधी, संध्याकाळी ५ पर्यंत. स्पेलिंगमधल्या एखाद्या अक्षराच्या फरकावरून सहसा अडवत नाहीत. आडनावच वेगळं असेल तर विवाह प्रमाणपत्र बरोबर न्या. ओळखपत्र म्हणून बँक कार्ड चालवायचं आणि मतदानाचं वय १६ करायचं, असा बेत सरकारने जुलै २०२५ मध्ये जाहीर केलाय. कायदा बदलून लागू झाल्याचं कौन्सिलकडून कळेपर्यंत वर लिहिलेलंच धरा.

टपाली मत आणि भारतवारी

टपाली पाकिटात मतपत्रिकेबरोबर एक छोटा कागद असतो. त्यावर जन्मतारखेचे चौकोन आणि सहीची जागा. चौकोन दिसले की हात आपोआप आजची तारीख लिहितो. मी हे स्वयंपाकघरातल्या टेबलावर डोळ्यांसमोर होताना पाहिलंय, शिकलेल्या, व्यवस्थित माणसाकडून. तिथे जन्मतारीखच हवी, नाहीतर मत बाद. सहीही अर्जावर केली होती तशीच हवी. अर्जावर देवनागरीत केली असेल तर इथेही देवनागरीतच करा. आणि नवरा-बायकोने एकाच टेबलावर बसून कागदांची अदलाबदल करू नये. आधी एकाचं पाकीट चिकटवा, मग दुसऱ्याचं उघडा.

पाकीट मतदानाच्या रात्री १० पर्यंत पोचायला हवं, त्या दिवशी टपालपेटीत टाकून उपयोग नाही. उशीर झाला तर स्वतः केंद्रावर नेऊन द्या, तिथे एक फॉर्म भरावा लागतो. अर्जाची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं, नंतर नवा अर्ज.

सुट्टीत पुण्याला किंवा साताऱ्याला जाणार असाल तर टपाली मताच्या नादी लागू नका. पाकीट तिकडे पोचून परत यायला वेळच पुरत नाही. प्रॉक्सी नेमा, म्हणजे ज्याचं नाव इथल्या यादीत आहे असा विश्वासाचा माणूस. तो तुमच्या केंद्रावर जाईल आणि ओळखपत्र स्वतःचं दाखवेल.

मतदानाचा दिवस

वार गुरुवार, सुट्टी नाही, सकाळी ७ ते रात्री १०. मतदानाआधी घरी येणारं पोल कार्ड न्यायची सक्ती नाही आणि ते ओळखपत्रही नाही. त्यावर छापलेल्या केंद्रावरच जा, जवळचं म्हणून दुसरीकडे चालत नाही. दाराशी रोझेट (पक्षाच्या रंगाचा रिबिनीचा बिल्ला) लावून नंबर विचारणारे पक्षाचे लोक असतात, त्यांना उत्तर द्यायचं बंधन नाही. शाई नाही, मशीन नाही. कागद, पेन्सिल आणि एक फुली. नोटाचा पर्याय इथे नाही. कोरी मतपत्रिका बाद मतांत मोजली जाते, पण कुणीच पसंत नसेल तर टाकायला हरकत नाही.

त्याच दिवशी अचानक आजारपण आलं, कामाने बाहेर जावं लागलं किंवा ओळखपत्र हरवलं, तर संध्याकाळी ५ पर्यंत तातडीची प्रॉक्सी मागता येते. कौन्सिलला लगेच फोन करा. ओळखपत्र नुसतं घरी राहिलं असेल तर घरी जाऊन घेऊन या, त्याच दिवशी पुन्हा येता येतं. १० वाजता रांगेत उभे असाल तर हलू नका, रांगेतल्या प्रत्येकाला मत देऊ द्यावंच लागतं.