तिसरीतल्या पोरांचा तारा

मुलांच्या कालप्रवासाच्या गोष्टीत एक यंत्र असतं, त्याला खटके असतात, आणि खटका दाबला की नायक थेट डायनासोरपुढे. भूतकाळात जायची अशी सोय अजून कुणाला सापडलेली नाही. भूतकाळ पाहायची मात्र आहे, तीही फुकट. विदर्भातल्या खेड्यात ती नागपूरपेक्षा बरी चालते, कारण अंधार आहे.

जानेवारीत रात्रीची लाइन असली की हरभऱ्याच्या ओलितासाठी वावरात जाणं होतंच. नऊच्या सुमारास धुऱ्यावरून आग्नेयेकडे वर पाहा. एका रांगेत तीन तारे दिसतील, तो मृगाच्या पोटातला बाण. त्याची रेघ खाली वाढवली की लखलखीत पांढरा व्याध लागतो. अंतर 8.6 प्रकाशवर्षं, म्हणजे तिथला उजेड इथवर यायला तेवढी वर्षं लागतात. आज डोळ्यांत शिरणारा त्याचा उजेड तिथून निघाला, तेव्हा तिसरी-चौथीतली पोरं जन्मत होती. व्याधाच्या डावीकडचा प्रश्वा 11.4 प्रकाशवर्षांवर, म्हणजे सहावीवाल्यांचा. तीच बाणाची रेघ उलट वर नेली तर तांबूस रोहिणी, सुमारे 65 प्रकाशवर्षं; ती आजीची. सदतिशीतल्या गुरुजींना मे महिन्यापर्यंत थांबावं लागेल. तेव्हा रात्री साडेदहा-अकराला अंगणात बाजेवर पडलं की त्यांची स्वाती जवळजवळ डोक्यावर असते.

घोटाळा बहुतेक वेळा मोबाइल करतो. डोळे अंधाराला सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात आणि एकदा पडदा उजळला की ती वाया. टॉर्चला लाल कागद बांधला तर चालतं. न लुकलुकणारा ठळक तारा दिसला तर तो बहुधा ग्रह. गुरू असला तर त्याचा उजेड जेमतेम अर्ध्या-पाऊण तासाचा शिळा. आणि प्रकाशवर्ष हे अंतर आहे, काळ नव्हे: सुमारे 9.46 लाख कोटी किलोमीटर.

‘हे तारे कधीच विझलेत’ असं गोष्टींत हमखास येतं. ते खोटंच धरा. नुसत्या डोळ्यांना दिसणारे बहुतेक तारे काहीशे ते काही हजार प्रकाशवर्षांच्या आत आहेत आणि तारे जगतात लाखो ते अब्जावधी वर्षं.

आता उलटा प्रसंग, जो मुलांना फार आवडतो: व्याधाजवळचा कुणी आज इकडे पाहील तर त्याला तिसरीतलं पोरगं पाळण्यात दिसेल. तर्क बरोबर, पण दुर्बीण परवडत नाही. प्रकाशाची लहर दुर्बिणीतल्या आरशाच्या कडांशी पसरते, म्हणून जितकं बारीक पाहायचं तितका आरसा मोठा. तिथून एक मीटरचा पाळणा नुसता ठिपका म्हणून वेगळा दिसायला सुमारे 5 कोटी किलोमीटर रुंद आरसा लागेल, पृथ्वी-सूर्य अंतराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. बाळाचं नाक-डोळे पाहायचे, म्हणजे सेंटिमीटरचा तपशील हवा, तर त्याच्या शंभरपट: 5 अब्ज किलोमीटर. सूर्यापासून नेपच्यून साडेचार अब्जांवर आहे. गोष्ट लिहिणाऱ्याने तो आरसा टेकवायचा कशाला, तेवढं आधी ठरवून घ्यावं.