मुंबईत घर तारखेवर का ठरतं?

मुंबईत घर मिळणं पगारावर अवलंबून आहे, असं आपण धरून चालतो. पण या शहरात पगाराइतकंच वजन तारखेला आहे. तुमचं कुटुंब इथे कधी आलं, आणि तेव्हाची पावती कपाटात सापडते का?

गोष्ट १८९६ च्या प्लेगपर्यंत मागे जाते. साथीनंतर १८९८ मध्ये शहर सुधारण्यासाठी सरकारी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. त्याने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले, पण सुरुवातीच्या वर्षांत पाडलं जास्त आणि बांधलं कमी. मग १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे बीडीडीच्या, म्हणजे सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या, २०७ चाळी उभ्या राहिल्या. खोली १६० चौरस फुटांची. गंमत म्हणजे सुरुवातीला त्यातल्या कितीतरी खोल्या रिकाम्याच होत्या, कारण गिरणी कामगाराला तिथलं भाडं परवडत नव्हतं. ज्यांना चार पैसे एकत्र करता येत होते त्यांनी तोवर सहकारी गृहनिर्माण सोसायटीची वेगळी वाट काढली होती. गावदेवीची सारस्वत सोसायटी १९१५ सालची आहे.

खरी गाठ बसली ती १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने. भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठली. युद्ध, फाळणी आणि टंचाईच्या काळात भाडेकरूला संरक्षण हवंच होतं. पण सवलत तात्पुरती न राहता पिढ्यान्‌पिढ्या चालली. महिन्याला हाती येणाऱ्या भाड्यात मालक जिना कशाला दुरुस्त करेल? त्यातून पागडी फोफावली: खोली मालकाची, पण हक्क विकणार भाडेकरू आणि मालक त्यातला वाटा घेणार. हा व्यवहार अनेक वर्षं कायद्याबाहेर चालला. १९९९ च्या नव्या भाडे नियंत्रण कायद्याने त्याला मान्यता दिली आणि भाड्यात वर्षाला चार टक्के वाढही. गिरगावातल्या जुन्या बिऱ्हाडांत प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेली, आजोबांच्या नावाची भाडेपावती आजही दागिन्यांसोबत ठेवलेली असते. पुनर्विकासात तीच पावती फ्लॅट देते. शेजारच्या इमारतीत 'लिव्ह अँड लायसन्स'वर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावर, राहणारा अकरा महिन्यांनी टेम्पो शोधतो, मग त्याचा पगार कितीही असो.

झोपडपट्टीतही तेच. १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आलं आणि फुकट घरासाठी १ जानेवारी १९९५ ही तारीख ठरली, पुढे ती १ जानेवारी २००० झाली. एकाच गल्लीत एक पात्र, तर उशिरा आलेला दुसरा अपात्र.

मोठी संधी गेली ती गिरण्यांच्या जमिनीवर. जानेवारी १९८२ चा संप फसला, गिरण्या एकेक करून बंद पडल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत जमिनीचा साधारण तिसरा हिस्सा पालिकेकडे, तिसरा म्हाडाकडे (सरकारी गृहनिर्माण मंडळ), उरलेला मालकाकडे असा तोडगा होता. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची, इमारती उभ्या असलेल्या भागाची नाही. गिरणी म्हणजे मुळात इमारतीच, त्यामुळे म्हाडाच्या आणि मोकळ्या मैदानांच्या वाट्याला फारसं उरलं नाही. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा बदल ग्राह्य धरला. माझ्या मते घरांच्या बाबतीतल्या आजच्या दरीचं मूळ एफएसआयच्या (भूखंडावर किती बांधता येईल याचं प्रमाण) आकडेमोडीपेक्षा या एका दुरुस्तीत जास्त सापडतं. परळ-लोअर परळमध्ये मध्यमवर्गाला परवडतील अशी घरं बांधायला एवढी सलग जमीन पुन्हा मिळणार नव्हती.

गिरणी कामगारांच्या घरांची पहिली मोठी सोडत २०१२ मध्ये निघाली, संपानंतर तीस वर्षांनी. अर्ज लाखाच्या वर, घरं काही हजार. उरलेल्यांना शेलू आणि वांगणीला घरं देण्याचा प्रस्ताव सरकारने पुढे केला, तेव्हा कामगार संघटनांनी मुंबईतच घर हवं म्हणून विरोध केला. लोकलने बदलापूर सोडलं की पुढचं स्टेशन वांगणी, त्यापुढचं शेलू.