गांधीलमाशी डेकवर उतरवताना

घरच्या संगणकावर हेलिकॉप्टर उडवण्याचा सिम्युलेटर: टेबलावर जॉयस्टिक, पडद्यावर राखाडी समुद्र आणि त्यात डुलणारी एक फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका. तिच्या मागच्या टोकाला जेमतेम एका हेलिकॉप्टरपुरता डेक. पहिल्या संध्याकाळी मी अकरा वेळा पाण्यात गेलो. बाराव्या वेळी बायकोने विचारलं, "यात पोहणारं हेलिकॉप्टर नाही का मिळत?" गंमत म्हणजे खऱ्या हेलिकॉप्टरला आणीबाणीत फुगणाऱ्या पिशव्या होत्याच, केबिनच्या वर दोन्ही अंगांना बांधलेल्या.

हे हेलिकॉप्टर म्हणजे ब्रिटनच्या वेस्टलंड कंपनीचं 'वास्प', मराठीत गांधीलमाशी. ऑक्टोबर १९६२ मध्ये ते पहिल्यांदा उडालं, पुढच्या वर्षी ब्रिटिश नौदलात आलं आणि १९८८ पर्यंत टिकलं. वजन भरल्या पोटी सुमारे अडीच टन, मुख्य पंख्याचा व्यास ९.८३ मीटर. त्याच्याकडे स्वतःचं सोनार, म्हणजे आवाजावरून पाणबुडी हेरणारं यंत्र, नव्हतं. बोटीने पाणबुडी हेरायची, रेडिओवरून जागा सांगायची आणि वास्पने तिथे पाणतीर (टॉर्पेडो) टाकून परत यायचं. पत्ता लिहिणार बोट, वास्प नुसतं पोस्टमन. पुढे त्याला क्षेपणास्त्रंही मिळाली. २५ एप्रिल १९८२ रोजी, फॉकलंड युद्धात, दक्षिण जॉर्जिया बेटाजवळ 'सांता फे' या अर्जेंटिनाच्या पाणबुडीवर हल्ला करणाऱ्यांत वास्प होती.

अशा जुन्या यंत्राची संगणकीय प्रत करायची तर बाहेरचं रूप सर्वात सोपं. इंग्लंडमधल्या संग्रहालयांत वास्प उभी आहेत. फोटो काढा, मापं घ्या, रंग द्या. घाम फुटतो तो पंख्याच्या हिशेबात.

समजा, पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला २०० मीटर आहे आणि हेलिकॉप्टर ५० मीटर वेगाने पुढे चाललंय. पुढे झेपावणाऱ्या पात्याच्या टोकाला हवा २५० ने भिडते, मागे जाणाऱ्याच्या टोकाला १५० ने. उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे पात्यांचा कोन सारखाच ठेवला तर एका टोकाला दुसऱ्याच्या पावणेतीनपटीहून जास्त उचल! यंत्र सरळ कुशीवर पडायला हवं. पडत नाही, कारण पातं बुडाशी वरखाली हलू शकतं आणि जादा उचल त्या हालचालीत जिरते. स्पेनच्या हुआन दे ला सिएर्व्हा यांनी १९२३ मध्ये आपल्या ऑटोजायरोला (वाऱ्याने आपोआप फिरणाऱ्या पंख्यावर तरंगणाऱ्या विमानाला) बिजागरीची पाती लावून ही अडचण सोडवली. हेलिकॉप्टरं आजही त्यांच्या ऋणात आहेत.

चांगला सिम्युलेटर हे सगळं खरोखर मोजतो. तो प्रत्येक पात्याचे लांबीत तुकडे पाडतो, दर तुकड्याला वारा किती आणि कोणत्या कोनातून लागतो ते काढतो, मग बेरीज करतो, आणि हे सेकंदाला कितीतरी वेळा. 'एक्स-प्लेन' हा सिम्युलेटर याच पद्धतीवर उभा आहे. स्वस्तातला मार्ग म्हणजे पंखा ही एकच अदृश्य थाळी मानायची. उंचावर उडताना फरक फारसा कळत नाही.

डेकजवळ मात्र कळतो. पंख्याने खाली लोटलेल्या हवेला जवळच जमीन मिळाली की कमी ताकदीत तरंगता येतं. वास्प बोटीच्या कडेने आलं, तरंगत थांबलं आणि आडवं सरकत डेकवर आलं, की मधल्या क्षणी निम्मा पंखा डेकवर असतो आणि निम्मा खोल समुद्रावर. एका बाजूला आधार, दुसरीकडे नाही. थाळीवाल्या हिशेबात हा क्षण साफ गायब होतो. त्यात हँगरमागे, म्हणजे डेकपुढच्या हेलिकॉप्टर ठेवायच्या खोलीमागे, वारा भोवरे घालतो. आणि पुष्कळ सिम्युलेटर सगळीकडे सारखाच वारा सोडून मोकळे होतात. मला विचाराल तर वास्पच्या प्रतीची किंमत डेकच्या कडेजवळच्या याच काही मीटरांत ठरावी. कॉकपिटमधली काटे-तबकडी कितीही हुबेहूब असो.

टेकल्यावरचा प्रकार तर अस्सल नाविक. वास्पला चार चाकं होती, आणि ती वळवून ठेवता येत, म्हणजे बोटीने दिशा न बदलता हेलिकॉप्टर जागच्या जागी वाऱ्याकडे तोंड करू शके. शिवाय पात्यांना उणे कोन देता येई. तेव्हा पंखा उचलायच्या ऐवजी खाली दाबतो आणि हेलकावणाऱ्या डेकला यंत्र चिकटून राहतं, तोवर खलाशी धावत येऊन ते बांधून टाकतात.

आपल्याकडे वास्प आलं नाही. माझगाव डॉकमध्ये लिअँडर या ब्रिटिश फ्रिगेटच्या आराखड्यावर बांधलेली 'नीलगिरी' १९७२ मध्ये नौदलात आली, तेव्हा वास्पच्या जागी चेतक, म्हणजे फ्रेंच अलुएट-३ ची भारतात बनलेली आवृत्ती, बसलं. त्याला तीन चाकं आणि फ्रेंच घराण्यातला, वरून पाहिल्यास घड्याळाच्या दिशेने फिरणारा पंखा. जोर वाढवला की त्यात उजवं पेडल दाबावं लागतं. अमेरिकी हेलिकॉप्टरांचा पंखा उलटा फिरतो, त्यामुळे त्यांच्यावर पाय बसलेला माणूस चेतकच्या प्रतीत पहिल्याच उड्डाणाला भिंगरी होतो. माझी झाली.

घरगुती सामानाच्या अडचणी वेगळ्याच. जॉयस्टिकची स्प्रिंग दांडा सतत मध्ये ओढते, खऱ्या सायक्लिकला, म्हणजे हेलिकॉप्टर कलवण्याच्या दांड्याला, ही खोड नसते. म्हणून लोक स्प्रिंगच काढून टाकतात. बुडाखालून कळणारा झोका घरच्या खुर्चीत नाही, त्यामुळे घसरण डोळ्यांना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. आणि पात्यांचा कोन बदलायला मी वापरतो त्या थ्रॉटलच्या लिव्हरला उणे कोनासाठी शून्याखाली जागाच नव्हती! शेवटी लिव्हरच्या बाजूला पेन्सिलने रेघ मारली: रेघेच्या वर उचल, खाली दाब, आणि सेटिंगमध्ये तशी वाटणी करून दिली.

काल रात्री चारही चाकं टेकली. लिव्हर रेघेच्या खाली ओढला, डेक डावीकडे कलला, वास्प त्याच्यासोबत कललं आणि घसरलं नाही. मी हात सोडून चहा प्यायलो.