कार्बनचा साठा वेगळा, शोषण वेगळं

मोलेच्या जंगलातून रेल्वेचा दुसरा मार्ग काढण्यावरून गोव्यात बरीच वर्षं वाद चालला. अशा प्रत्येक वादात एक युक्तिवाद हमखास येतो: तोडली तेवढी झाडं दुसरीकडे लावू, मग कार्बनचा हिशेब बरोबर. तो बरोबर होत नाही, कारण जंगलात साठलेला कार्बन आणि जंगल दरवर्षी नव्याने शोषतं तो कार्बन, असे दोन वेगळे आकडे त्यात एकच धरलेले असतात. कणगीत भात किती आणि यंदा पिकलं किती, यांत कुठलाही शेतकरी घोटाळा करणार नाही.

भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१च्या अहवालात देशातल्या वनांचा साठा ७२०.४ कोटी टन कार्बन आहे. आधीच्या, २०१९च्या अहवालापेक्षा तो ७.९४ कोटी टनांनी जास्त. ही झाली दोन वर्षांची भर. (हे आकडे निव्वळ कार्बनचे. कार्बन डायऑक्साइडमध्ये सांगायचे तर ३.६७ने गुणायचं, एवढ्यावरूनही बातम्यांत गोंधळ होतो.) ओळखायची खूण सोपी: एकक ‘टन प्रतिहेक्टर’ असेल तर साठा, पुढे ‘प्रतिवर्ष’ असेल तर शोषण.

म्हादई किंवा नेत्रावळी अभयारण्यातल्या जुन्या ऐन-किंदळांच्या रानात साठा मोठा असतो, खोडांत आणि मातीतही. भर मात्र सावकाश पडते. खाणींच्या मातीच्या ढिगांवर लावलेला अकेशिया याच्या उलट. तो भराभर वाढतो, वर्षाचं शोषण जुन्या रानापेक्षा जास्तही भरेल, पण पोटात फारसं काही नसतं. जुनं झाड तोडून लाकूड जाळलं तर दशकांची साठवण एका दिवसात हवेत जाते. ती भरून काढायला रोपाला तेवढीच दशकं लागतात, आणि तेही रोप जगलं तर.

चोडण बेटावरच्या खारफुटीत साठा आणि शोषण दोन्ही जमून येतं. चिखलात प्राणवायू पोचत नाही, म्हणून गळलेली पानं-मुळं फार हळू कुजतात आणि कार्बन खाली गाडला जातो.

आणि ‘गोवा ६० टक्के हिरवा’ हे वाक्य? त्यात साठा आणि शोषण या दोहोंपैकी काहीच नाही. २०२१च्या अहवालातलं २,२४४ चौरस किलोमीटर वनाच्छादन उपग्रहाने पाहिलेल्या झाडांच्या छतावरून मोजलेलं आहे. जमीन कोणाची, झाड कसलं, याला त्यात महत्त्व नाही. काजूच्या बागा आणि कुळागरं, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागाही त्यात येतात. जुनं रान जाऊन तिथे दाट काजू उभा राहिला, तर ही टक्केवारी हलणार नाही, साठा मात्र घटलेला असेल.